एकेरी लोहमार्ग, अनेक गाड्या आणि सिद्धतेचा प्रश्न

नवी मुंबईत सीबीडी बेलापूर येथे मुख्यालय असलेल्या कोकण रेल्वे महामंडळाची स्थापना १९ जुलै १९९० रोजी झाली. केंद्र शासन आणि महाराष्ट्र, कर्नाटक, गोवा व केरळ ही चार राज्ये त्याची भागधारक होती. रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत सुमारे ७४० किलोमीटरचा मार्ग बांधणे व चालविणे हे त्याचे कार्य. २६ जानेवारी १९९८ रोजी या मार्गावरून सलग वाहतूक सुरू झाली. करबुड्याचा बोगदा, पानवल नदीवरील उंच पूल, लॅटराइटची खचणारी माती यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे आणि ते सर्वस्वी उचित आहे. तथापि स्थापत्याच्या या कौतुकात मार्गाचे एक वैशिष्ट्य सहसा झाकले जाते. हा मार्ग एकेरी आहे. रोहा ते वीर हा सुमारे ४७ किलोमीटरचा भाग २०२१ साली दुहेरी झाला. उरलेल्या बहुतेक सर्व अंतरात खाली जाणारी आणि वर येणारी गाडी यांना एकच रूळ वाटून घ्यावा लागतो.

या परिस्थितीचे तर्कशास्त्रीय रूप पाहिले असता असे दिसते की, येथे कर्ते अनेक आहेत, प्रत्येकाचे साध्य निराळे आहे, आणि साध्यासाठी लागणारी साधने मोजकी व सामाईक आहेत. अशा व्यवस्थेत अनिष्ट गोष्ट कधीही घडणार नाही आणि प्रत्येकाचे इष्ट केव्हा ना केव्हा साधेल, हे अगोदरच सिद्ध करता येईल काय? संगणकशास्त्रात हा प्रश्न मर्यादित साधने वापरणाऱ्या बहुकर्तृक प्रणालींचा आकारिक पडताळा या नावाने ओळखता येईल. ‘आकारिक’ हा शब्द येथे आकारिक तर्कशास्त्रातल्याच अर्थाने घ्यावयाचा आहे. चाचणी घेतली म्हणजे जे प्रसंग घेतले तेवढ्यांपुरते ज्ञान होते. आकारिक पडताळ्यात प्रणालीचे वर्णन नेमक्या भाषेत मांडून, त्या वर्णनातून संभवणाऱ्या यच्चयावत प्रसंगांविषयी निष्कर्ष काढला जातो. या विषयाचा इतिहास १९६५ च्या सुमारास सुरू झाला असे सामान्यतः मानतात. संगणकाच्या बाबतीत ते खरे आहे. परंतु एकेरी लोहमार्गावर हाच प्रश्न त्यापूर्वी नव्वद वर्षे उभा राहिला होता, आणि त्याचे निम्मे उत्तर तेव्हाच मिळाले होते.

१० सप्टेंबर १८७४ च्या रात्री इंग्लंडात नॉरिचजवळच्या थॉर्प येथे एकेरी मार्गावर दोन गाड्या समोरासमोर आदळून २५ माणसे मृत्यू पावली. एका स्टेशनाने तारायंत्राने दिलेली परवानगी रद्द करण्याचा प्रयत्न केला तोपर्यंत दुसऱ्या बाजूची गाडी सुटून गेली होती. तारायंत्र बिघडले नव्हते. निरोप पोचत होते. दोष असा होता की, दोन कर्त्यांपैकी प्रत्येकाला दुसऱ्याच्या निर्णयाविषयी जे वाटत होते ते आणि वस्तुस्थिती यांत फरक पडू शकत होता, आणि तो पडू नये अशी कोणतीही योजना व्यवस्थेत नव्हती. एडवर्ड टायर याने १८७८ साली काढलेल्या विद्युत् यंत्राने ती योजना केली. भारतात पुढे रूढ झालेले नील याचे गोळ्याचे टोकनयंत्र याच कुळातील. दोन शेजारच्या स्टेशनांवर एकेक यंत्र असते व ती तारेने जोडलेली असतात. कोणत्याही एका यंत्रातून गोळा काढला की, तो दोहोंपैकी एका यंत्रात परत पडेपर्यंत कोठूनही दुसरा गोळा निघत नाही. आणि गोळा हाती आल्यावाचून ड्रायव्हरने गाडी पुढच्या खंडात न्यावयाची नाही. चामडी पिशवी आणि मोठी कडी यांसह हा गोळा धावत्या इंजिनातून उचलून घेण्याचे दृश्य जुन्या प्रवाशांच्या स्मरणात असेल.

या यंत्राची सिद्धता चार ओळींची आहे. प्रारंभी बाहेर असलेल्या गोळ्यांची संख्या शून्य. बाहेर एकही गोळा नसेल तरच नवा निघतो, म्हणून काढण्याच्या क्रियेनंतर ती संख्या एक. परत टाकण्याच्या क्रियेनंतर पुन्हा शून्य. सबब कोणत्याही क्षणी ती एकाहून अधिक असू शकत नाही. आणि प्रत्येक गाडीपाशी गोळा असणे बंधनकारक असल्याने खंडात दोन गाड्या असू शकत नाहीत. क्रियेगणिक अबाधित राहणारा गुण शोधून विगमनाने निष्कर्ष काढण्याची हीच पद्धत आजही या शास्त्राची पहिली पायरी आहे. टायरने ती अशी मांडली नाही, पण त्याच्या यंत्रात ती पितळेत आणि तारेत उतरलेली होती. विशेष लक्षात घेण्याजोगे हे की, या सिद्धतेत स्टेशन मास्तरची हुशारी, सद्भाव वा स्मरणशक्ती यांपैकी कशाचेही गृहीतक नाही. सुरक्षितता आली ती साधनाच्या टंचाईतून: टोकन जाणूनबुजून एकच ठेवले गेले.

मात्र टोकन जे सिद्ध करते त्याच्या पलीकडे बरेच काही उरते. टक्कर होणार नाही हे ठरले. गाडी पोचेल हे ठरले नाही. लेस्ली लॅम्पोर्ट याने १९७७ साली या दोन गुणधर्मांना निरनिराळी नावे दिली. अनिष्ट कधीच घडत नाही ही निर्धोकता, आणि इष्ट केव्हा तरी घडतेच ही प्रगतिशीलता. त्याच वर्षी आमीर प्नुएली याने ‘सदैव’ आणि ‘केव्हा तरी’ या शब्दांना तर्कशास्त्रीय चिन्हांचा दर्जा देणारे कालिक तर्कशास्त्र कार्यक्रमांच्या पडताळ्यासाठी वापरले. या दोन गुणधर्मांतील अंतर कोकणच्या मार्गावर जितके स्पष्ट दिसते तितके पाठ्यपुस्तकातील उदाहरणांत क्वचितच दिसेल. सावर्डे आणि आरवली रोड ही दोन स्टेशने घ्यावीत. प्रत्यक्षातील रुळांची संख्या बाजूला ठेवून, प्रत्येक ठिकाणी एक मुख्य व एक लूप अशा दोनच लाइनी आहेत असे मानू. सावर्ड्याच्या दोन्ही लाइनींवर रत्नागिरीकडे जाणाऱ्या गाड्या उभ्या आहेत, आरवलीच्या दोन्ही लाइनींवर मुंबईकडे येणाऱ्या. मधला खंड मोकळा आहे, टोकन यंत्रात आहे, सिग्नल शाबूत आहेत. तरीही एकही गाडी हलू शकत नाही, कारण प्रत्येकीला हवी असलेली जागा समोरचीने अडविली आहे. निर्धोकता शंभर टक्के, प्रगती शून्य. कोणताही नियम न मोडता ही अवस्था निर्माण होऊ शकते, हे येथे महत्त्वाचे आहे.

अशा कोंडीचा पहिला व्यवस्थित विचार आइंडहोवेन येथे एड्सखर डाइक्स्ट्रा याने १९६५ च्या आपल्या टिपणांत केला. त्याने दृष्टान्त घेतला तो सावकारी पेढीचा. पेढीपाशी भांडवल ठरावीक, ऋणको अनेक, प्रत्येकाने आपली कमाल गरज अगोदर सांगितलेली, ती पूर्ण झाल्याशिवाय कोणी एक पैसाही परत करणार नाही. प्रत्येक मागणीच्या वेळी पेढीवाल्याने पाहावयाचे ते एवढेच की, ही रक्कम दिल्यानंतर सर्व ऋणकोंची गरज कोणत्या तरी क्रमाने भागविता येईल काय. तसा एकही क्रम उरत नसेल तर गल्ल्यात पैसा असूनही मागणी थोपवून धरावयाची. १९७१ साली कॉफमन, एल्फिक व शोशानी यांनी कोंडीला आवश्यक अशा चार अटी सांगितल्या: साधन एका वेळी एकालाच मिळणे, हातचे न सोडता पुढच्याची वाट पाहणे, दिलेले साधन हिसकावून घेता न येणे, आणि वाट पाहणाऱ्यांची साखळी वर्तुळाकार होणे. यांपैकी पहिल्या तीन अटी लोहमार्गाच्या स्वभावातच आहेत. उभी गाडी रुळावरून उचलून बाजूला ठेवता येत नाही. राहिली चौथी, म्हणजे कंट्रोलरची सारी कला ती साखळी पुरी होऊ न देण्यात आहे. वरील उदाहरणात चारांपैकी एक लाइन रिकामी राखली आणि दोन्ही बाजूंचे पुढचे खंड मोकळे असले तर कोंडी सुटते, हे कागदावर चार रेघा मारून कोणीही ताडून पाहू शकेल. परंतु पुढचे खंड मोकळे आहेत की नाहीत हे त्यापुढील स्टेशनांवर अवलंबून, आणि ती त्यांच्यापुढील. स्थानिक नियमाने निर्धोकता साधते. प्रगतीसाठी साऱ्या मार्गाचा हिशेब मांडावा लागतो. टोकनयंत्र दोन स्टेशनांत भागते आणि कंट्रोलर मात्र साऱ्या विभागाचा लागतो, याचे तर्कशास्त्रीय कारण हेच.

हा हिशेब किती मोठा? साठ स्टेशने आणि तीस गाड्या घेतल्या, आणि कोणतीही गाडी कोणत्याही स्टेशनावर असू शकते एवढेच धरले, तरी मांडण्यांची संख्या एकावर त्रेपन्न शून्ये इतकी भरते. १९८१-८२ मध्ये क्लार्क व एमर्सन यांनी अमेरिकेत आणि केय व सिफाकिस यांनी फ्रान्समध्ये, प्रणालीच्या सर्व अवस्था यंत्राकडून धुंडाळून घेण्याची प्रतिमान-तपासणीची पद्धत स्वतंत्रपणे मांडली. तिच्यापुढील मुख्य अडथळा हाच संख्येचा स्फोट होता. १९९० साली अवस्था एकेक न मोजता त्यांचे समूह सूत्ररूपाने हाताळून एकावर वीस शून्ये इतक्या अवस्थांपर्यंत मजल गेली, तेव्हा तो मोठा विक्रम मानला गेला. कोकणच्या मार्गाचे हे कच्चे गणित त्याहूनही कितीतरी पुढचे आहे. अर्थात बहुसंख्य मांडण्या प्रत्यक्षात उद्भवतच नाहीत, आणि अनुभवी कंट्रोलर त्यांचा विचारही करीत नाही. मात्र ‘उद्भवत नाहीत’ हे सिद्ध करणे म्हणजेच पडताळा.

आतापर्यंत साधन म्हणजे रूळ असे धरले. तो वापरून परत करता येतो. काळाचे तसे नाही, आणि या बाबतीत मुंबईत काम केलेल्या संशोधकांचा वाटा नोंदविण्यासारखा आहे. एकाच संगणकावर अनेक नियतकालिक कामे अग्रक्रमाने चालत असता सर्व मुदतीत होतील काय, या प्रश्नावर लिऊ व लेलँड यांनी १९७३ साली एक सर्वसाधारण मर्यादा दिली होती. कामांची संख्या कितीही असली तरी साधनाचा उपयोग सुमारे ६९ टक्क्यांच्या आत असेल तर हरकत नाही. ही मर्यादा पुरेशी होती, आवश्यक नव्हती. तिच्यापलीकडेही पुष्कळ योजना साधत असत. टाटा मूलभूत संशोधन संस्थेशी संबद्ध असलेले मथाई जोसेफ व पारितोष पांड्या यांनी १९८६ साली ‘द कॉम्प्यूटर जर्नल’ मध्ये प्रत्येक कामाचा अधिकात अधिक विलंब नेमका काढण्याची रीत दिली. मालगाडीच्या दृष्टान्ताने ती सहज कळते. एका मालगाडीला स्वतःच्या धावेस १२० मिनिटे लागतात. दर ६० मिनिटांस एक एक्सप्रेस येते आणि प्रत्येक एक्सप्रेसला वाट देण्यात २० मिनिटे जातात. १२० मिनिटांत दोन एक्सप्रेस येणार, म्हणून एकूण १६०. परंतु १६० मिनिटांत तिसरीही येणार, म्हणून १८०. १८० मिनिटांत तीनच. संख्या स्थिरावली, उत्तर १८०. याउलट दर २० मिनिटांस एक एक्सप्रेस आली तर हा आकडा कधीच स्थिरावत नाही, आणि मालगाडी लूपवर कायमची राहते. पुढील काळात ब्रिटनमधील संशोधकांनी या रीतीचा मोठा विस्तार केला. विमाने व मोटारी यांतील नियंत्रक संगणकांच्या पडताळ्यात तिचे वंशज आजही वापरात आहेत. अशा मूलभूत कामाचा मुंबईच्या अभ्यासक्रमांत फारसा उल्लेख होऊ नये ही नवलाची गोष्ट म्हणावी लागेल.

खर्च होणाऱ्या साधनांचा प्रश्न एवढ्यावर संपत नाही. ड्रायव्हरच्या कामाचे तास हे असेच एक साधन आहे; ते वापराने घटते आणि विश्रांतीनेच भरून येते. मालगाडी क्रॉसिंगसाठी वारंवार थांबली की तास संपतात, तास संपले की गाडी आहे त्या लूपवर उभी राहते, आणि लूप अडला की इतरांची क्रॉसिंगे पुढच्या स्टेशनावर ढकलली जातात. एका जातीच्या साधनाची टंचाई दुसऱ्या जातीच्या साधनात उतरते ती अशी. आलुर, हेन्झिंगर व कुप्फरमान यांनी १९९७ साली, कर्त्यांच्या एखाद्या गटापाशी अमुक साध्य हमखास मिळविण्याचा डाव आहे काय, हे विचारणारे तर्कशास्त्र मांडले होते. २०१० च्या सुमारास अलेशिना, लोगन व त्यांचे सहकारी, तसेच बुलिंग व फारवर यांनी त्या प्रश्नात ‘इतक्या साधनांच्या आत’ ही अट घातली. त्यातून निघालेला निष्कर्ष प्रथमदर्शनी विचित्र वाटतो. साधने नुसती खर्च होत असतील आणि त्यांची मर्यादा ठरलेली असेल, तर पडताळा यंत्राने करता येतो. परंतु खर्चाबरोबर निर्मितीही होऊ लागली आणि साठ्याला वरची मर्यादा नसली, तर तर्कभाषेतील किंचित फरकानेही प्रश्न अनिर्णेय होतो. म्हणजे त्याचे उत्तर देणारी सार्वत्रिक रीतच असू शकत नाही. विपुलतेची शक्यता सिद्धतेला प्रतिकूल आणि टंचाई अनुकूल, असा हा उलटा न्याय आहे. टायरच्या यंत्राने १८७८ साली तोच वापरला होता.

ज्या वर्षी कोकण रेल्वे सलग धावू लागली त्याच १९९८ साली, १५ ऑक्टोबरला, पॅरिसमध्ये भुयारी रेल्वेचा चौदावा मार्ग ड्रायव्हरविना सुरू झाला. तेथील सुरक्षा-कार्यक्रम आब्रियाल याच्या ‘बी’ पद्धतीने रचून त्यासाठी सुमारे २८ हजार प्रमेये सिद्ध करण्यात आली होती. नवे रूळ, बंदिस्त भुयार. अशा ठिकाणी गृहीतकांवर पहारा ठेवणे सोपे. कोकणात आकाश उघडे होते. २ ऑगस्ट १९९९ रोजी पश्चिम बंगालमधील गैसाल येथे दोन गाड्यांची समोरासमोर टक्कर होऊन अडीचशेहून अधिक माणसे मृत्यू पावली. त्यानंतर कोकण रेल्वेचे तत्कालीन व्यवस्थापकीय संचालक बी. राजाराम यांनी टक्करविरोधी उपकरणाची योजना पुढे आणली व ते ‘रक्षा कवच’ या नावाने ओळखले जाऊ लागले. इंजिने, गार्डचे डबे, स्टेशने, फाटके यांवर बसविलेली उपकरणे उपग्रहांवरून आपले स्थान ठरवीत, काही किलोमीटरच्या टापूत एकमेकांशी रेडिओने बोलत, आणि धोका दिसताच ब्रेक लावीत. मध्यवर्ती नियंता कोणी नाही. प्रत्येक कर्ता अपुऱ्या माहितीवर स्वतः निर्णय घेतो. शब्दशः बहुकर्तृक म्हणावी अशी प्रणाली बेलापूरच्या संस्थेतून निघाली ती ही. तिचे खरे अवघड स्थळ होते ते गृहीतकात. शेजारशेजारच्या दोन रुळांतील अंतर उपग्रहावरून ठरविलेल्या स्थानाच्या चुकीपेक्षा लहान असते, आणि बोगद्यात उपग्रह दिसतच नाही. सांध्यावरून वळताना दिशेत पडणारे फरक मोजून रूळ ओळखण्याची युक्ती योजली गेली. ईशान्य सीमा रेल्वेवर मोठा प्रयोगही झाला. परंतु देशभर प्रसार झाला नाही. २०२० साली राष्ट्रीय प्रणाली म्हणून स्वीकारलेल्या ‘कवच’ मध्ये रुळांतच रेडिओ-खुणेचे तुकडे बसविलेले असतात. गाडी कोठे आहे हे आकाशाला विचारण्याऐवजी जमिनीला विचारावयाचे, असा हा बदल आहे.

गृहीतकांचे महत्त्व याहून क्रूर रीतीने २ जून २०२३ रोजी ओडिशातील बहानगा बाजार येथे प्रत्ययास आले. इंटरलॉकिंगच्या तर्कानुसार सांधा लूपकडे असताना मुख्य मार्गाचा हिरवा सिग्नल मिळणे अशक्य होते. अधिकृत चौकशीनुसार दोष होता तो दुरुस्तीच्या वेळी तारा चुकीच्या जोडल्या गेल्याचा. तर्काला जो सांधा सरळ दिसत होता तो जमिनीवर वळलेला होता. जवळजवळ तीनशे माणसे गेली. येथे तर्काची एकही पायरी चुकलेली नव्हती. ‘सांधा’ या चिन्हाचा आणि सांध्याचा संबंध तुटला होता, आणि तो संबंध कोणत्याही प्रमेयाच्या आत बसत नाही.

कोकणात तो डोंगराच्या बाजूने तुटला. २२ जून २००३ च्या रात्री कारवारहून मुंबईकडे येणारी सुट्टीची विशेष गाडी वैभववाडीजवळ दरडीवर आदळून पन्नासाहून अधिक प्रवासी मृत्यू पावले. पुढच्याच वर्षी, १६ जून २००४ रोजी, मत्स्यगंधा एक्सप्रेस करंजाडीजवळ रुळावर आलेल्या दगडांमुळे घसरली. दोन्ही वेळी खंडात एकच गाडी होती. टायरची सिद्धता अबाधित होती. ‘खंड मोकळा आहे’ याचा तिच्यातील अर्थ ‘खंडात दुसरी गाडी नाही’ एवढाच आहे, आणि दरड ही गाडी नव्हे. प्रणालीच्या वर्णनात डोंगर हा कर्ता म्हणून धरलेलाच नव्हता.

त्यावर योजिलेले उपाय तर्काचे नाहीत, मातीचे आहेत: कडे उतरते करणे, जाळ्या लावणे, पावसाळ्यात रात्रंदिवस गस्त घालणे, आणि वेग उतरविणे. यांपैकी शेवटचा उपाय मात्र पुन्हा हिशेबात येऊन पडतो. पावसाळी वेळापत्रक दर जूनमध्ये लागू होते. वेग कमी केला की प्रत्येक खंडात गाडीचा मुक्काम वाढतो. मुक्काम वाढला की क्रॉसिंगची ठिकाणे सरकतात. जोसेफ-पांड्यांच्या रीतीतील प्रत्येक आकडा बदलतो, आणि मालगाड्यांचा विलंब आणखी उशिरा स्थिरावतो. संपूर्ण दुहेरीकरण खर्चिक असल्याने महामंडळाने २०२१ च्या सुमारास कळंबणी, कडवई, वेरवली, खारेपाटण, आचिर्णे अशी नवी क्रॉसिंग स्टेशने मार्गावर वाढविली. कडवईचे स्टेशन आरवली रोड आणि संगमेश्वर यांच्या मधोमध आले. तेथील लूपमुळे पूर्वी एका गाडीला व्यापून बसणाऱ्या अंतराचे दोन खंड झाले.